भट्टीचं शेण

येसाबानं माझ्या शाईची चव घेतली, तेव्हा आमची ओळख होऊन घटकाभरही झाली नव्हती.

मी वाडीच्या चावडीत बसून ‘कामावर हजर झालो’ असा कागद लिहीत होतो. दारात एक उंच, कमरेत वाकलेला म्हातारा येऊन उभा राहिला. खांद्यावर काठी, काठीच्या टोकाला लटकवलेल्या वहाणा. तो न विचारता आत आला, माझ्या दौतीत करंगळी बुडवली, जिभेला लावली आणि डोळे मिटून थोडा वेळ विचार करत राहिला.

“कडू हाय,” तो म्हणाला. “तरीच सरकारचं कागद तसं असत्यात.”

हा येसाबा. पाटोद्यापासून दोन कोसांवर, डोंगराच्या पाठीवर ही वाडी होती आणि वाडीच्या वर सरकारी कुरण. त्या कुरणाचा राखणदार येसाबा. मी शेतकी खात्याचा मुन्शी. निजामाचं राज्य होतं. खात्याची पत्रं उर्दूत यायची, मी ती वाचून मराठीत सांगायची आणि वाडीनं ती ऐकून सोडून द्यायची, अशी कामाची वाटणी होती. मी पुण्याला काही महिने शेतकीचे धडे गिरवून आलो होतो. त्यामुळे गवत या विषयात मला कुणी काही शिकवावं असं आता उरलेलं नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

येसाबाला जगाची ओळख जिभेनं होत असे. माती चाखायचा, गवताची काडी चाखायचा, विहिरीचं पाणी तर चाखायचाच. पण एकदा माझ्या कोटाचं बटणही त्यानं चाखून परत केलं. चाखून झालं तरी स्वतःचं मत मात्र सहसा सांगत नसे. मत विचारलं की म्हणायचा, “माजं काय घिऊन बसला? गाईला इचारा.” पाऊस येईल का? गाईला इचारा. नवा पाटील कसा आहे? गाईला इचारा. मी एकदा हौसेनं स्वतः केलेली आमटी त्याला वाढली आणि कशी झाली म्हणून विचारलं, तेव्हाही त्यानं हेच सांगितलं. वाटी गाईपुढं ठेवायचं धाडस मी केलं नाही.

ही गाय म्हणजे चंद्री. तांबडी, एकशिंगी, म्हातारी आणि येसाबासारखीच कुणाचं न ऐकणारी. वाडीत तिला मान मोठा होता. पावसाळाभर कुरण बंद असायचं. दसरा झाला की ते उघडायचं, आणि उघडायचं म्हणजे चंद्रीला सगळ्यांच्या आधी एकटीला आत सोडायचं. ती जिथं पहिलं तोंड घालील तिथलं गवत बियाला राखायचं. बाकीचं कुरण सगळ्या वाडीच्या गुरांना मोकळं. पुढचा उन्हाळा सरेपर्यंत वाडीची गुरं त्या गवतावर जगायची. वाडीच्या जमिनी म्हणजे खडक आणि मुरूम. दूध, तूप, शेण, बैल, जे काय होतं ते त्या कुरणातून यायचं.

आणि कुरणात शिरताना येसाबा वहाणा काढून काठीला अडकवायचा. देवळात शिरतात तसा. मी बूट घालून पहिलं पाऊल टाकलं तेव्हा त्यानं माझा दंड धरला.

“काढा.”

“कावून?” मी त्याच्याच बोलीत विचारलं. जरा आपलेपणा वाटावा म्हणून.

“गवत बोलत न्हाई म्हून काय झालं?”

मी बूट काढले. गवत बोललं नाही, पण कुसळांनी माझ्या तळव्यांशी बरंच संभाषण केलं. पुढचे आठ दिवस मी चावडीत बसून तपासणी केली.

अशात आमच्या मोहतमीम साहेबांचं, म्हणजे खात्याच्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचं, पत्र आलं. साहेबांनी विलायतेतून आलेल्या कुठल्या कागदात वाचलं होतं की, तिकडं पोलादाच्या भट्टीत लोखंड वितळलं की जो मळ सुटतो तो दळून कुरणांवर टाकतात, आणि मग असं गवत माजतं की मेंढ्यांना उठवत नाही. साहेबांनी तो दळलेला मळ मागवला होता. बारा पोती नगरच्या स्टेशनात येऊन पडली होती. ती आणायची, आपल्या कुरणात एक पट्टी त्या खताची करायची, तिच्या शेजारी एक पट्टी कोरी ठेवायची आणि दसऱ्यानंतर साहेब स्वतः येऊन दोन्हींतला फरक बघणार.

एवढं मी येसाबाला वाचून दाखवलं. पत्र तेवढ्यावर संपत नव्हतं. शेवटी लिहिलं होतं, खत लागू पडलं तर सगळ्या कुरणाला काटेरी तार मारायची, दोन सालं जनावराचं पाऊल आत पडू द्यायचं नाही, आणि गवत कापून सरकारी तबेल्याच्या घोड्यांना पाठवायचं. हे वाचताना माझा घसा अचानक बसला.

येसाबानं कागदाकडं बोट दाखवलं. “कागद येवढा लांब आन तुमी वाचलं येवढंच? खालच्या अंगाला काय हाय?”

“साहेबांची सही.”

“हां.”

पुढच्या बाजारी तो पाटोद्याला गेला. तहसिलीच्या शिपायाशी त्याची जुनी तंबाखूची ओळख. परत आला तो थेट चावडीत.

“मुन्शीबुवा, तुमच्या सायबाचं नाव लई लांब हाय बगा. त्येच्यात काटेरी तार बी हाय म्हनं.”

मी दौतीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. तो रागावला नाही. “दोन सालं,” एवढंच म्हणाला. “दोन सालं गुरांनी काय खायाचं ते बी त्या नावात आसंल. नीट बगा एकदा.” मी नीट बघितलं. नव्हतं.

तरीही पोती आणायला गाड्या त्यानंच जुंपल्या. सरकारी काम होतं आणि नाही म्हणायची सोय नव्हती. नगरहून येताना सरहद्दीच्या नाक्यावर आम्हाला अडवलं. नाकेदारानं एक पोतं उसवलं. आतून काळी, जड, बारीक पूड सांडली. नाकेदार दोन पावलं मागं सरला आणि विडी ओढणारा शिपाई वीस.

“बारूद!”

मी पुढं होऊन पोलादाची भट्टी, तिचा ताप, लोखंडातली अशुद्ध द्रव्यं, विलायतेतली कुरणं, असं समजावून सांगायला लागलो. मी जसजसा समजावत गेलो तसतसा नाकेदाराचा संशय पक्का होत गेला. तेवढ्यात येसाबानं वाकून चिमूटभर पूड जिभेवर टाकली.

“बारूद न्हाई मालक. बारूद जिभंला गार लागती. ह्यात चुना हाय, आन ऐरणीवानी चव हाय.”

“तूने ऐरण कब चाटी, बुढ्ढे?”

“ल्हानपनी.”

नाकेदार हसला. “तो फिर है क्या ये?”

येसाबानं माझ्याकडं बघितलं. “मुन्शीबुवा, तुमी इतका येळ सांगताय त्येचा आर्थ असा का, की भट्टी लोखंड खाती, आन खाल्ल्यावर जे मागनं टाकती, ते हे?”

“साधारण तसंच.”

“म्हंजे भट्टीचं शेण.”

नाकेदारानं दप्तर उघडलं आणि ‘गोबर, विलायती’ असं लिहून गाड्या सोडल्या. शेणावर जकात नव्हती. माझ्या पुण्याच्या शिक्षणानं जे तासाभरात झालं नाही ते येसाबाच्या एका शब्दानं झालं, हे मी अहवालात लिहिलं नाही.

यानंतरचा पराक्रम मात्र पूर्णपणे माझा. उन्हाळा कडक होता. खत म्हणजे नाजूक वस्तू, ती थंड जागी ठेवावी, असं मला आपोआप सुचलं. चावडीत सगळ्यांत थंड कोपरा पाण्याच्या रांजणांचा. तिथं मी बारा पोती रचून घेतली. येसाबा म्हणाला, “त्यात चुना हाय, मुन्शीबुवा.” मी म्हणालो, “चुना वेगळा, हे वेगळं.” रांजण पाझरत राहिले. महिन्यानं पोती उचलायला गेलो तर ती उचलेनात. कापड फाडलं तर आत पोत्याच्या आकाराचे दगड. बारापैकी दहा पोती अशी दगड झाली होती. त्यांच्यावर गोणपाटाची वीण उमटली होती, शिवणसुद्धा.

मी सुन्न होऊन एका दगडावर बसलो. साहेबांना काय सांगणार? खत बसायच्या कामी आलं म्हणून?

मग मला ‘ऐरणीवानी चव’ आठवली. लोखंडाचाच मळ ना? तो आपल्या लोहाराच्या भट्टीतही निघतो! मी धावत लोहाराकडं गेलो. तो आधी घाबरला, मग हसत सुटला. “ते कीट? न्या की. आमी तर वाटंवर टाकतो, लोकं शिव्या देत्यात.” तीन गावच्या लोहारांची वाटेवरची घाण मी गाडीत भरली आणि चुन्याच्या घाण्यात बैल लावून दळून घेतली. पाटोद्यात बातमी पसरली की सरकारी मुन्शाला पुण्याहून काहीतरी लागून आलंय.

येसाबानं ती पूडही चाखली आणि थुंकला.

“ह्यात काय बी न्हाई. नुसती काच हाय. आन त्या विलायती शेणात चुना हाय. आपल्या डोंगरात चुनखडी कमी पडली का, म्हून चुना तितनं आणायचा?”

“येसाबा, ही रसायनं आहेत. जिभेला नाही कळायची.”

“मंग गाईला इचारा.”

(पुढं फार वर्षांनी मी एका पुस्तकात वाचलं की हे खत ओल्या, आंबट जमिनीचं, चुनखडीच्या रानात टाकून उपयोग नाही. लिहिणाऱ्यानं हे शोधायला किती खर्च केला असेल कोण जाणे. जीभ स्वस्त पडली असती.)

दोन पोती विलायती आणि बाकी लोहारी, असं ते मिश्रण मी एका पट्टीवर पसरलं आणि तिथं लाल डोक्याची खुंटी ठोकली. शेजारच्या कोऱ्या पट्टीला पांढऱ्या डोक्याची. येसाबा बघत उभा होता.

“ही दुसरी पट्टी उपाशी ठिवायची?”

“ती तुलनेसाठी.”

“एकाच दावणीला दोन जनावरं. एकाला वैरण आन दुसऱ्याला नुसतं बगायला लावायचं. बरं न्हाई दिसत, मुन्शीबुवा.”

मी त्याला शास्त्र समजावलं. त्यानं मान डोलवली. तो मान डोलवायचा तेव्हा सावध राहावं, हे मला तोवर कळलं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात अहवाल द्यायला मी बीडला गेलो आणि तिथं माझ्या हुशारीच्या गोष्टी सांगत पंधरा दिवस राहिलो.

श्रावणात मी कुरणात गेलो (बूट हातात) आणि माझे डोळे लकाकले. एक पट्टी हिरवीगार, जवळजवळ काळी, मांडीइतकी उंच. मारवेल आणि पवन्या ही गवतं नुसती उसळलेली. दुसरी इतर रानासारखीच, किंबहुना थोडी रुसलेली. मग खुंट्या बघितल्या. हिरव्या पट्टीला पांढरी खुंटी. म्हणजे कोरी पट्टी माजली होती आणि खताची कुपोषित राहिली होती!

मी वही काढली. वही मला खोटी वाटली. मी चावडीत जाऊन स्वतःच्या डोक्याची तपासणी केली. तीही समाधानकारक निघाली नाही. खत टाकताना मीच पट्ट्या चुकवल्या असणार, असं मी स्वतःला सांगितलं. दहा वेळा सांगितल्यावर ते मला पटलं.

साहेब यायच्या आदल्या दिवशी भर दुपारी येसाबा बाभळीखाली माझ्याकडं पाठ करून भाकरी खात होता. मी दोन्ही खुंट्या उपटल्या आणि अदलाबदल करून दगडानं ठोकल्या. तारेची गोष्ट मी विसरलो होतो असं नाही. पण तार पुढच्या सालची होती आणि साहेब उद्याचे होते. शिवाय दहा दगडांचा हिशेब चावडीत पडलेला. भित्र्या माणसाला नेहमी जवळची भीती मोठी दिसते.

येसाबानं मान वळवली नाही. “मुन्शीबुवा, खुंट्या ढिल्या झालत्या का?”

“हो. जरा ठोकल्या.”

“बरं केलं.”

दुसऱ्या दिवशी, कुरण उघडायच्या वेळेलाच, मोहतमीम साहेब घोड्यावरून आले. त्यांच्या मागं एक गाडी होती आणि गाडीत काटेरी तारेची भेंडोळी. तार पुढच्या सालची नव्हती; ती आली होती. कुरणाच्या कडेला सगळी वाडी गुरं घेऊन उभी होती. बायकांनी आणि बाप्यांनी दावी हातात गुंडाळून धरली होती. सगळे तारेकडं बघत होते.

येसाबानं चंद्रीच्या गळ्यातलं दावं सोडलं. ती रमतगमत निघाली. खुरट्या पट्टीजवळ थांबली, हुंगलं, शिंकली आणि पुढं गेली. मग त्या दाट हिरव्या पट्टीत शिरली आणि मान खाली घालून जी चरायला लागली ती वर बघेना. तिच्या शेजारी माझी लाल खुंटी ऐटीत उभी.

“वल्लाह!” साहेब म्हणाले. “जानवर भी कहता है! शाबास मुन्शी, शाबास! तार उतारो रे. आजसे दो साल बंद.”

गाडीवाले भेंडोळी उतरवायला लागले. मागं कुठंतरी एक बाई म्हणाली, “आता गुरं कुटं न्यायाची ओ?” कुणालाच विचारलं नव्हतं तिनं. मला वाटलं, आता बोलावं. सांगावं की साहेब, खुंट्या मी बदलल्या. तोंड उघडलं, पण जीभ चावडीतल्या पोत्यांसारखी झाली होती.

येसाबा लाल खुंटीजवळ गेला. खुंटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. फार वेळ नाही, तेवढा पुरला. मग काठीवरच्या वहाणा सावरत तो साहेबांच्या घोड्यापुढं उभा राहिला.

“सरकार, खत लई ब्येस हाय. पर तार मारली की ते मरतंय.”

“क्या मतलब?”

“भट्टीचं शेण हाय ते. कच्चं. जमिनीला पचत न्हाई. त्येच्यावर मेंढ्या बसवाव्या लागत्यात, मंग ते मुरतंय. आन पुडं गुरांचं खूर पडलं तर टिकतंय. ह्या पट्टीवर म्या तीन रात्री मेंढ्या बसवल्यात. इचारा की, ते धनगर हाईत हितंच. तार मारून जनावर भाईर ठिवलं तर हे असं हुईल.” आणि त्यानं काठीनं ती खुरटी पट्टी दाखवली.

साहेब माझ्याकडं वळले. “मुन्शी, मेंढियाँ बिठाई थीं? रपट में तो नहीं लिखा!”

मला तेव्हा सगळं लख्ख दिसलं. मी बीडला फुशारक्या मारत होतो तेव्हा हा गृहस्थ माझ्या कोऱ्या पट्टीवर रात्री मेंढ्यांचा कळप बसवून तिला लेंडीखत देत होता. खत हरावं, तार येऊ नये, म्हणून. किंवा उपाशी पट्टीची कीव आली म्हणून. आणि मी खुंट्या बदलून त्याच्या मेंढ्यांचं यश पोलादाला बहाल केलं होतं. त्यानं आपला डाव एका बाजूनं रचला, मी दुसऱ्या बाजूनं, आणि दोघांनी मिळून वाडीच्या गळ्यात तार अडकवली होती. आता तो एकटा ती सोडवत होता. आणि गंमत म्हणजे मलाही सांभाळून सोडवत होता. त्यातला एक शब्दही खोटा म्हणता आला नसता. मेंढ्या बसवल्या होत्या. ह्याच पट्टीवर.

“ते लिवनारच हुते, सरकार,” येसाबा म्हणाला. “शाई सपलती.”

साहेबांनी खिशातून टिपणवही काढली आणि घोड्यावर बसल्या बसल्या लिहिलं. मी टाचा उंचावून बघितलं. खत टाकल्यावर मेंढ्या बसवणं जरूर. कुरणात जनावर असणं जरूर. तार मुळीच नको. मग मान वर करून येसाबाला विचारलं, “और कुछ?”

“माजं काय इचारता, सरकार? गाईला इचारा.”

साहेबांनी खरोखरच चंद्रीकडं बघितलं. ती चरत होती. साहेबांनी वही मिटली.

येसाबानं काठी वर केली आणि वाडीची गुरं कुरणात शिरली.

मला खात्याकडून शाबासकीचा कागद मिळाला. ‘पोलादी खत, मेंढ्यांसह’ ही पद्धत जिल्हाभर लागू झाली. विलायती मळ पुन्हा कधी आला नाही. नांदूरघाटच्या बाजूच्या एका मुन्शानं मला लिहून विचारलं की, आमच्याकडं खत पोचलेलं नाही, मेंढ्या मात्र तयार आहेत, तर काय करावं? मी उलट टपाली कळवलं, तूर्त मेंढ्या बसवा. खत आल्यावर पाहू. त्याचं गवत उत्तम आलं. त्यालाही शाबासकी मिळाली.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. गाडीत सामान चढवलं आणि निरोप घ्यायला मी वर कुरणाकडं गेलो. ते दहा दगड येसाबानं केव्हाच चावडीतून हलवून कुरणाच्या कडेला मांडले होते. एकावर तो बसला होता. दुसऱ्यावर चंद्री जीभ घासत होती, इतकी की गोणपाटाची वीण एका बाजूनं पुसून गेली होती. खात्याच्या खताचा लाभ घेतलेलं ते जिल्ह्यातलं एकमेव जनावर.

“येसाबा, एक खरं सांगा,” मी म्हणालो. “त्या कोऱ्या पट्टीवर मेंढ्या कशाला बसवल्या? तार थांबवायला, की पट्टीची दया आली म्हणून?”

त्यानं पलीकडच्या उतारावर बघितलं. तिथं एक कळप चरत निघाला होता.

“त्या बगा चालल्या,” तो म्हणाला. “त्यास्नी इचारा.”

मग उठला, वहाणा काठीला अडकवल्या आणि गवतात शिरला. चंद्री त्याच्या मागं. गवत छातीइतकं होतं. थोड्या वेळानं फक्त पागोटं, काठीवरच्या वहाणा आणि एक शिंग एवढंच पुढं सरकताना दिसत राहिलं, आणि मग तेही नाही.

मी परत येऊन गाडीत बसलो. घाट अर्धा उतरल्यावर गाडीवानानं विचारलं, “मुन्शीबुवा, बूट असं मांडीवर कावून घितल्यात?” तेव्हा कुठं मला कळलं, ते मी घातलेच नव्हते.